उघडं तोंड, अरुंद टाळू

मुलाचे दात वेडेवाकडे आले की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘आजोबांवर गेलाय!’ आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण श्वास, सवयी आणि ताटातलं अन्न यांचाही जबड्याच्या वाढीवर परिणाम होतो, आणि तिथे आपल्याला काही करता येतं.

जिभेची जागा

तोंड मिटून नाकाने श्वास घेताना जीभ टाळूला टेकते. आतून तिचा आधार आणि बाहेरून गालांचा दाब, यांच्या समतोलात वरचा जबडा रुंदावतो. नाक कायम चोंदलेलं असेल तर तोंड उघडं राहतं, जीभ खाली पडते. मग टाळू अरुंद व खोल होऊ शकतो, दातांना जागा पुरत नाही, चेहरा उभट होत जातो.

अमेरिकेत एगिल हार्वोल्ड यांनी वाढत्या वयाच्या ऱ्हीसस माकडांच्या नाकपुड्या बंद करून हे तपासलं. माकडांच्या दातांची ठेवण बदलली. मात्र सगळ्यांची सारखी नाही. जबडा आणि जीभ ज्याने जशी ठेवली, तसा बदल झाला.

म्हणून मूल झोपल्यावर नीट बघा. तोंड उघडं, घोरणं, उशीवर लाळेचा डाग, सकाळी सुकलेले ओठ? नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढलेल्या असू शकतात. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ‘तोंड मीट’ म्हणून रागावू नका. नाकच बंद असेल तर तोंड मिटणार कसं?

अंगठा आणि बाटली

तीन-चार वर्षांपर्यंत अंगठा चोखण्याची फार काळजी नको. पुढेही सवय राहिली तर वरचे दात पुढे येतात, समोर फट पडते. मिरची लावणं ही शिक्षा झाली. मुलाला विश्वासात घ्या.

तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवल्याने दात किडतात. ‘दुधाचेच आहेत, पडणारच’ हे म्हणणं महागात पडतं. दुधाची दाढ वेळेआधी गेली की शेजारची सरकते आणि कायमच्या दाताची जागा अडते.

चावायला द्या

हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांच्या गटाने २००४ मध्ये हायरॅक्स या प्राण्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. शिजवलेलं मऊ अन्न खाणाऱ्यांच्या चेहऱ्याच्या खालच्या-मागच्या भागाची वाढ सुमारे १० टक्के कमी भरली. माणसाला हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, तरी दुधात बुडवलेली बिस्किटं कमी करून भाकरी, पेरू, मक्याचं कणीस वयानुसार द्यावं. लहानग्यांना अख्खे शेंगदाणे मात्र नकोत, ते घशात अडकतात.

टाळूच्या मधला सांधा किशोरवयात घट्ट होत जातो. त्याआधी टाळू रुंद करणं सोपं असतं. तेव्हा सगळे दात पडून येण्याची वाट पाहू नका, सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाला एकदा दंतवैद्याकडे न्याच.