अमरावतीचा परकोट

अमरावती ही वऱ्हाडातील कापसाची जुनी पेठ होय. जेथे संपत्ती, तेथे लुटारूंचे भय असायचेच. पेंढाऱ्यांपासून येथील व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे, म्हणून निजामाच्या अमदानीत, १८०७ साली, गावाभोवती दगडी तट उभारण्यास प्रारंभ झाला. हाच अमरावतीचा परकोट. त्याचा घेर सुमारे सव्वादोन मैल आणि उंची २० ते २६ फूट होती. त्याला पाच दरवाजे व चार खिडक्या ठेवण्यात आल्या. खिडकी म्हणजे तटातील लहान दार. अशाच एका दाराजवळच्या झुंजीत सातशे माणसे पडली. तेव्हापासून त्या दारास ‘खुनारी खिडकी’ हे नाव मिळाले.

१८१८ पर्यंत पेंढाऱ्यांचा बीमोड झाला आणि ते भय सरले. आज जवाहर दरवाज्यातून दिवसभर माणसांची रीघ लागलेली असते. आत दुकानांच्या दाटीने गजबजलेल्या गल्ल्या आहेत. सराफा, सक्करसाथ ही नावे जुन्या व्यापाराची आठवण देतात. बाजार करून दमलेला मनुष्य दह्यात भिजलेला गिला वडा खाऊन तृप्त होतो.

परकोट मात्र जागोजागी ढासळत आहे. ज्या तटाने एके काळी गावाला राखले, त्याला राखण्याची पाळी आता गावाची आहे.