घर पाहावं रोबोटच्या डोळ्यांनी!

सकाळचे नऊ. तुम्ही ऑफिसच्या कॅबमध्ये, घराला कुलूप, आणि तरी सोफ्याखाली शिरून कुणीतरी केर काढतंय. नाही हो, मावशी सुट्टीवरच आहेत. हा आहे परातीएवढा गोल रोबोट!

माझ्या एका मैत्रिणीने तो इएमआयवर घेतला. पहिल्याच दिवशी पठ्ठ्या स्वयंपाकघराच्या दारात अडला. दारात उंबरठा नव्हता, होती फक्त काळ्या ग्रॅनाइटची पट्टी. तिला वाटलं, पीस खराब आहे. पण बिचारा घाबरला होता! त्याच्या पोटाखालचे सेन्सर जमिनीवर इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. तो परत आला तर जमीन, नाही आला तर जिना. काळा रंग हा प्रकाश गिळतो, म्हणून त्याच्या लेखी तिथे चक्क दरी होती. पट्टीवर फिकट रंगाची चिकटपट्टी लावली आणि गाडी पुढे सरकली.

२००२मध्ये अमेरिकेत ‘रूम्बा’ आला, तेव्हा सगळा मामला आंधळ्या कोशिंबिरीचा होता. आपटायचं, वळायचं, पुन्हा निघायचं. एक कोपरा चार वेळा लख्ख, दुसरा तसाच. २०१०मध्ये ‘नीटो’ कंपनीने लेझरवाला रोबोट आणला आणि चित्र बदललं. डोक्यावरची गोल टोपी गरागरा फिरते, लेझर भिंतींपर्यंतचं अंतर मोजतो. चाकं किती फिरली याचा हिशेबही चालू असतो, पण सतरंजीवर चाक घसरलं की तो चुकतो. मग भिंती बघून स्वारी स्वतःला दुरुस्त करते. नकाशा काढणं आणि त्यात आपण कुठे आहोत हे शोधणं, दोन्ही एकदम! नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी आपलं जे होतं, अगदी तेच. नकाशा जमला की शेत नांगरल्यासारखे सरळ पट्टे.

पण लेझर एकाच उंचीवरून बघतो. खाली पडलेला मोजा, चार्जरची वायर, दोऱ्या लोंबणारं पायपुसणं त्याला दिसतच नाही. काच तर त्याला हमखास फसवते. आणि हो, टोपीमुळे उंची साधारण दहा सेंटिमीटर होते, तेव्हा दुकानात जाण्याआधी सोफ्याखाली टेप धरा.

वायर, मोजे ओळखायचे तर कॅमेरा हवा. इथे मात्र थोडं थांबा. डिसेंबर २०२२मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने बातमी दिली होती. चाचणीतल्या रूम्बांनी २०२०मध्ये टिपलेले घरांतले फोटो, त्यात टॉयलेटवर बसलेल्या एका बाईचाही, सोशल मीडियावर पोचले होते. फोटोंना लेबलं लावणाऱ्या कामगारांकडून! ती यंत्रं विक्रीतली नव्हती, वापरणाऱ्यांची संमती होती, असं कंपनीचं म्हणणं. असेलही. पण बेडरूममध्ये फिरणारा कॅमेरा घेताना फोटो कुठे जातात, हे सेटिंगमध्ये जाऊन बघाच. मी तर लेझरवालाच घेईन, मोजे माझे मी उचलीन.

मैत्रीण आता रोज निघण्याआधी वायरी गुंडाळते, पायपुसणी उचलते. ‘रोबोटसाठी घर आवरते,’ असं नवरा चिडवतो. परवा तिने मला मोबाइलवर घराचा नकाशा दाखवला. हॉल, किचन, बेडरूम, सगळं झकास. फक्त पलंगाखाली एक चौकोन कोरा. तिथे लग्नातला डिनर सेट आहे, अजून खोक्यातच.