पहिला पेला कोण देतं?

कुणी गटाच्या बैठकीत बसून, कुणी घरी डाळ निवडता निवडता ऐकत असाल. आजचा विषय दारूचा आहे. पिणाऱ्या नवऱ्याचं गाऱ्हाणं आपण नेहमीच करतो. आज मात्र ज्यानं अजून पेल्याला हात लावला नाही, त्या आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या लेकराबद्दल बोलू.

सुरुवात आपल्याच मातीतल्या एका लेकरापासून करते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले. त्यात शेती गेली, तब्येत गेली, आणि डेबू आठ वर्षांचा असताना ते वारले. आई सखुबाई लेकराला घेऊन भावाकडे, अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला आली. तिथं डेबू गुरं राखत, शेतात राबत मोठा झाला. लग्न झालं, लेक झाली. बारशाला जातभाईंना दारू-मटणाचं जेवण द्यायची तेव्हा रीत होती. डेबूनं ती मोडली आणि गोडाचं जेवण वाढलं. हाच डेबू पुढे आपले गाडगेबाबा झाला.

बाबांचा खराटा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला हे बारसं मोठं वाटतं. कारण दारू अजूनही रीत म्हणूनच घरात शिरते. हळद, वरात, पोळ्याची कर, निवडणुकीचा प्रचार. आणि पहिला पेला देणारा बहुतेक वेळा परका नसतो. चुलतभाऊ असतो, भाऊजी असतो, जिवाचा मित्र असतो. "घे ना बे, एका घोटानं काय होते?" असं हसत हसत म्हणतो.

मग खरंच काय होतं? दारू पोटातून आणि आतड्यातून थेट रक्तात जाते आणि काही मिनिटांत मेंदूत पोचते. ती शरीराबाहेर काढण्याचं बहुतेक काम यकृत, म्हणजे लिव्हर करतं. एका छोट्या पेगला त्याला साधारण तासभर लागतो. लिंबू पाजा की डोक्यावर पाणी ओता, हा वेळ कमी होत नाही. रोज ओझं पडलं की आधी यकृतावर चरबी चढते, मग सूज येते, मग जखमेच्या वणासारखं ते कडक होतं. डोळे पिवळे होतात, पोटात पाणी भरतं, रक्ताची उलटी होते. सुरुवातीला दुखत काहीच नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, यांच्या कॅन्सरशी दारूचा संबंध आहे. अमुक इतकी दारू सुरक्षित असं काही नसतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं.

लेकरांचा धोका आणखी मोठा. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते, आणि "थांब, विचार कर" असं सांगणारा पुढचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. त्या वयात दारू सुरू झाली तर अभ्यास, आठवण बिघडते आणि पुढे व्यसन जडण्याची शक्यता बरीच वाढते. शिवाय पिऊन गाडी चालवणं, धरणात उतरणं, मारामारी. यात एकाच रात्री लेकरू हातचं जातं.

आता दोन गैरसमज. "बीअर म्हणजे दारू नव्हे," असं पोरं म्हणतात. स्ट्राँग बीअरच्या एका मोठ्या बाटलीत तीन-चार छोट्या पेगइतकी दारू असते. दुसरा, "हातभट्टीची गावठी, म्हणून चांगली." तिच्यात मिथेनॉल मिसळलं गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली.

"नाही" म्हणायलाही शिकवावं लागतं, मैत्रिणींनो. घरीच सराव करा. तुम्ही आग्रह करणारा दोस्त व्हा, पोराला उत्तर देऊ द्या. लांबलचक कारण नको, वाद नको. "मले नाही जमत राजेहो, तुमी घ्या," एवढंच हसून म्हणायचं. हातात मठ्ठ्याचा ग्लास धरायचा, म्हणजे रिकामा हात दिसत नाही. न पिणारा एक दोस्त सोबत ठेवायचा. आणि एक खुणेचं वाक्य ठरवा. पोरानं फोन करून "आजीची गोळी राहिली का?" विचारलं की समजायचं, त्याला तिथून निघायचं आहे. लगेच कुणाला तरी घ्यायला पाठवा. त्या रात्री रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी फोन येणार नाही. पोरीलाही हेच शिकवा.

पोराची संध्याकाळ रिकामी ठेवू नका. कबड्डी असो, पोलीस भरतीची धाव असो, पहाटे उठायचं असेल तर रात्रीची बैठक आपोआप सुटते. आणि घरातल्या मोठ्यांनी त्याला "जा, क्वार्टर घेऊन ये" म्हणून पाठवणं आजपासून बंद. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणं किंवा त्याच्याकडून दारूची ने-आण, विक्री करवून घेणं, दोन्हीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

घरात कुणी आधीच रोज पीत असेल तर १४४४६ या नशामुक्तीच्या किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. एक लक्षात ठेवा. खूप पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली आणि हात थरथरले, झटका आला, भास होऊ लागले, तर खोलीत कोंडू नका. १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या.

शेवटी गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत विचारा, येत्या महिन्यात कुणाकडे हळद आहे, कुणाकडे बारसं आहे? पत्रिका वाटण्याआधी चौघीजणी त्या घरी जा आणि गोडाच्या जेवणाची गोष्ट काढा. लोक काय म्हणतील, अशी भीती त्या घरच्या बाईला वाटेल. तिला डेबूच्या लेकीचं बारसं सांगा.