‘भूमिका’ म्हणजे नक्की काय?

समजा तुम्ही सिनॉप्सिसमध्ये विषय लिहिला, ‘स्त्रियांवरील हिंसाचार रोखण्यात धार्मिक संस्थांची भूमिका : पनवेल शहराचा अभ्यास’. गाईड पहिलाच प्रश्न विचारतील, ‘भूमिका म्हणजे काय?’ इथेच बरेच जण अडकतात. मग विश्वस्तांची मुलाखत घ्यायची आणि ‘भूमिका महत्त्वाची आहे’ असं लिहून मोकळं व्हायचं!

त्यापेक्षा प्रश्न असा विचारून बघा : नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला संस्था कुठे पाठवते? परत घरी, निवारागृहात, दवाखान्यात की पोलिसांकडे? पनवेलमध्ये देऊळ, मशीद, चर्च, सिनेगॉग सगळं आहे. पण प्रार्थनास्थळ आणि धर्मप्रेरणेतून चालणारी नोंदणीकृत संस्था यांचा एकच गट करू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १० नुसार स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणारी नोंदणीकृत संस्था ‘सेवा पुरवठादार’ म्हणून राज्य सरकारकडे नाव नोंदवू शकते. मग बाईची इच्छा असेल तर ती घटनेचा अहवाल नोंदवू शकते, वैद्यकीय तपासणी करून घेऊ शकते, निवाऱ्याची सोय करू शकते. ‘समजुतीने घ्या’ म्हणणं आणि हे करणं, यातला फरक तुमच्या डेटात दिसला पाहिजे.

दुसरा मुद्दा अटींचा. इतिहासातलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या, पैसा अमेरिकेतून यायचा, पण धर्म लादायचा नाही असं धोरण होतं. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात असा आरोप झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. वाद मोठ्यांचा होता, आसरा मात्र मुलींचा गेला. म्हणून प्रत्येक संस्थेबाबत तीन गोष्टी नोंदवा : कोणाला प्रवेश मिळतो, राहण्याच्या अटी काय आहेत, आणि राहायचं की जायचं हे कोण ठरवतं.

तिसरा मुद्दा नमुन्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली. म्हणजे संस्थेत भेटणाऱ्या बायका या थोड्यांतल्या थोड्या. त्यांच्यावरून ‘पनवेलच्या स्त्रिया’ असा निष्कर्ष काढू नका.

आणि शेवटचं, पण सगळ्यात आधी करायचं. मुलाखतीसाठी बाईच्या घरी फोन करू नका. संस्थेचे ज्येष्ठ शेजारी बसलेले असताना प्रश्न विचारू नका. ती त्यांना आवडेल तेच सांगेल. १८१ आणि ११२ हे क्रमांक जवळ ठेवा. तुमचा चॅप्टर महिनाभर उशिरा झाला तरी चालेल. तुमच्या एका प्रश्नामुळे तिला रात्री मार पडला, तर ते कुठल्याही चॅप्टरने भरून येणार नाही.