विमानतळावरची टॅक्सी : समज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या विमानतळावर उतरलेला प्रवासी, मग तो दुबईहून परतणारा रत्नागिरीकर असो वा नागपूरहून प्रथमच आलेला विद्यार्थी, सामान ढकलीत बाहेर पडतो तेव्हा त्याच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो, की काळ्यापिवळ्या टॅक्सीचे भाडे म्हणजे चालकाची मर्जी आणि आपली घासाघीस यांचा सौदा. हा समज सर्वस्वी निराधार आहे. भाडे शासनाचे परिवहन प्राधिकरण ठरवते. १ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आलेल्या दरपत्रकाप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला २०.६६ रुपये अशी आकारणी आहे. सहारच्या विमानतळाहून बोरीबंदरापर्यंतचे अंतर अदमासे २५ किलोमीटर धरले, तर हिशेब ५१६ रुपयांच्या घरात जातो. रस्त्यात खोळंबा झाल्यास थांबण्याचा आकार मीटर आपणहून त्यात मिळवतो.

रात्री दुप्पट भाडे द्यावे लागते, ही दुसरी वदंता. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळात मूळ भाड्यावर पंचवीस टक्के अधिक घेण्याची मुभा आहे, त्याहून एक पैही नाही. वरचाच प्रवास तेव्हा सुमारे ६४५ रुपयांचा होईल. पुष्कळ वर्षांनी परदेशातून आलेली मंडळी मीटरवरचा आकडा तक्त्यात पाहून रुपये काढू लागतात, परंतु तो रिवाज जुन्या यांत्रिक मीटरांचा होता. इलेक्ट्रॉनिक मीटर थेट रुपयेच दाखवतो, आणि दरवाढीनंतर मीटरची फेरजुळणी होईपर्यंतच्या काळापुरता अधिकृत तक्ता ग्राह्य असतो.

प्रीपेड खिडकीवरील भाडे मीटरहून बहुधा थोडे चढे असते, हे खरे. म्हणून ती फसवणूक आहे असे मात्र नव्हे. अपरात्री, वृद्ध आईवडिलांना घेऊन, अनोळखी उपनगरात जाणाऱ्याला रक्कम आधीच निश्चित होण्याचे मोल मोठे असते. पावतीवरील गाडीचा क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावा आणि पावती मुक्कामी पोहोचेपर्यंत हातची सोडू नये.

जवळचे भाडे नाकारण्याचा चालकाला अधिकार आहे, असे प्रवासीही मानतात, हे मला सर्वांत खेदाचे वाटते. रांगेत तासन् तास तिष्ठल्यावर पार्ल्याचे भाडे वाट्याला आले की त्या चालकाचा हिरमोड होणे स्वाभाविक आहे, आणि त्याच्या कष्टांविषयी आपल्याला सहानुभूती असलीच पाहिजे. तथापि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७८ अन्वये नियमबाह्य नकार हा दंडनीय अपराध आहे, आणि या तरतुदीत अंतराच्या कमीअधिकपणाचा उल्लेख नाही.

ठाण्याला वा वाशीला जाताना शहराच्या वेशीवरचा टोल मागितला गेल्यास, पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून तो माफ आहे, हे ध्यानात असू द्यावे. वांद्रे-वरळी सागरी सेतूचा टोल मात्र द्यावाच लागतो. तसेच देशांतर्गत विमाने केवळ सांताक्रूझच्या टर्मिनलवर उतरतात, असेही नाही; त्यांतील बरीचशी सहारच्या दुसऱ्या टर्मिनलवर येतात, तेव्हा न्यायला येणाऱ्या आप्तांना टर्मिनलचा क्रमांक आधी कळवावा.

प्रीपेड पावती घेतलेली नसेल, तर गाडीत बसताच मीटर टाकण्यास सौजन्याने, परंतु निःसंकोचपणे सांगा, आणि उतरताना त्यावर दिसेल ती रक्कम चालकाला पूर्ण द्या.