हृदयाजवळची उघडी नळी

दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेल्या बाळाबद्दल डॉक्टर कधी सांगतात, "हृदयाजवळची नळी उघडी आहे." ऐकून आईचे हातपाय गळतात. म्हणून आज ही नळी समजून घेऊ.

पोटातल्या बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो. त्यामुळे फुप्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त एका छोट्या नळीतून थेट शरीराच्या मोठ्या रक्तवाहिनीत जाते. पूर्ण दिवसांच्या बाळात ही नळी जन्मानंतर २-३ दिवसांत मिटते. २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांत ती बरेचदा उघडी राहते. यालाच 'पीडीए' म्हणतात. यात आईच्या खाण्यापिण्याचा किंवा ग्रहणाचा काही दोष नाही.

कांद्याला पाणी भरताना एका वाफ्याचे दार उघडेच राहिले, तर तो वाफा तुंबतो, पुढचा कोरडा राहतो. इथेही फुप्फुसांत रक्त जास्त होते. आतडी आणि मूत्रपिंडांना कमी पडते. बाळाला श्वासाच्या यंत्रावरून काढणे अवघड जाते.

प्रत्येक नळी बंद करावी लागत नाही. अनेक नळ्या आपोआप मिटतात. काही बाळांना रुग्णालयात औषध देतात. तेवढ्याने भागले नाही, तर पूर्वी बरगड्यांमधून छाती उघडून नळी बांधणे हाच मार्ग होता. आता मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि तारेच्या जाळीचे, मटाराच्या दाण्याहून लहान बूच तिथे बसवतात. अमेरिकेत २०१९ मध्ये अशा एका बुचाला ७०० ग्रॅम वजनापासूनच्या बाळांसाठी मान्यता मिळाली. छातीवर टाका पडत नाही. तरी धोका असतोच: बूच सरकू शकते, शेजारची रक्तवाहिनी दाबली जाऊ शकते. म्हणून हे काम सराव असलेल्या पथकानेच करावे.

डॉक्टरांना हे जरूर विचारा: नळी किती मोठी आहे? थांबून चालेल का? हे उपचार कुठे होतात? वाटेत बाळाला ऊब आणि प्राणवायू कसा देणार?

पेठ, सुरगाण्याच्या पाड्यावरून नाशिक गाठायलाच वेळ लागतो. म्हणून दिवस भरण्याआधी कळा आल्या, तर घरी वाट पाहू नका. आशाताईंना कळवा, १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत असतात. घरी आलेले बाळ दूध पिताना दमले, घामाघूम झाले, धापा टाकू लागले किंवा वजन वाढेना, तर लगेच दाखवा.