लेखनिकाचे गोवे

इ. स. १५८३ ते १५८८ या काळात यान हायखेन फान लिन्स्खोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी लेखनिक होता. १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला त्याचा प्रवासग्रंथ निघाला. त्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले गोवे शहराचे विहंगम चित्र आहे. मांडवीतील जहाजे, तट, चर्चे, बाजार, गल्ल्या, सारे त्यात आहे.

हा उद्योग निव्वळ कलेचा नव्हता. पोर्तुगीजांनी गुप्त राखलेले जलमार्ग याच ग्रंथाने डचांच्या हाती दिले. पण पुढे रोगराईने ते शहर ओस पडले, १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला मिळाला, आणि लुप्त गल्ल्यांची साक्ष द्यायला हे चित्र उरले.

गोवे हळूहळू ओसरले. लातूर जिल्ह्यातील जुनी किल्लारी मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या एका पहाटे भुईसपाट झाली. गाव नव्या जागी वसले. जुन्या गल्ल्या वृद्धांच्या स्मरणात राहिल्या. कंधार, औसा, उदगीर येथील तट अद्याप उभे आहेत. त्यांच्या सावलीतील पेठा, वाडे, आड यांची नोंद करण्यास राजाश्रय लागत नाही. परमुलखातील लेखनिकाने जे केले, ते येथील शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपल्याच गावासाठी का करू नये?